खेळात राजकारण आणू नका, हे नेमकं सांगायचं कोणाला?

कुठलाही खेळाडू सरकारविरुद्ध एक शब्द बोलला की लगेच सुरू होतं, तू खेळ ना बाबा, राजकारण कशाला मध्ये आणतोस. मला या वाक्याची खरंच चीड आहे. कप देताना फोटोत मधोमध उभं राहणाऱ्या राष्ट्रप्रमुखाला हे कोणी ऐकवलेलं मी तरी बघितलं नाही. ऐकून घ्यावं लागतं ते खेळाडूला, ज्याच्या हातात ना पोलीस ना लष्कर, फक्त करिअरची मोजकी वर्षं.

१९३६ चं बर्लिन ऑलिम्पिक सगळ्यांना माहितीये. पाहुणे यायच्या आधी शहरातल्या ज्यूविरोधी पाट्या काढून ठेवल्या होत्या. पण एव्हरी ब्रंडेज हे नाव फारसं कोणी घेत नाही. हा तेव्हा अमेरिकन ऑलिम्पिक कमिटीचा अध्यक्ष, अमेरिकेत बहिष्काराची मागणी जोरात होती आणि हा म्हणत राहिला की ऑलिम्पिक खेळाडूंचं आहे, राजकारण्यांचं नाही, आणि टीम बर्लिनला गेली. तिथे नाझी सलाम ठोकले गेले, त्याला ते खटकलं नाही. ३२ वर्षांनी, १९६८ ला, मेक्सिको सिटीचं ऑलिम्पिक, आता हाच माणूस आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक कमिटीचा अध्यक्ष. उद्घाटनाच्या १० दिवस आधी त्याच शहरात लष्कराने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, तरी स्पर्धा ठरल्या दिवशी सुरू झाली. मग २०० मीटरचे दोन मेडल विजेते, कृष्णवर्णीय अमेरिकन टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस, वंशभेदाचा निषेध म्हणून बूट काढून नुसत्या काळ्या मोज्यांवर पोडियमवर चढले, मान खाली, काळा हातमोजा घातलेली मूठ वर. त्यांना मात्र स्पर्धेतून घरी पाठवलं. गोळीबार चालला, मूठ नाही चालली!

आता कोणी म्हणेल दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष मंडेलांनी १९९५ ला, एकेकाळी गोऱ्यांचीच समजली जाणारी, देशाच्या रग्बी टीमची जर्सी घातली ते काय होतं मग? राजकारणच होतं, आणि मला ते मनापासून आवडतं, खोटं कशाला बोलू. म्हणून तर म्हणतोय, खेळात राजकारण असतंच, फक्त ते करायची परवानगी कोणाला आहे ते बघा.

चिलीचं उदाहरण माझ्या डोक्यातून जातच नाही. सप्टेंबर १९७३ मध्ये लष्करप्रमुख पिनोशेने सत्ता बळकावली आणि सँटियागोचं नॅशनल स्टेडियम म्हणजे कैद्यांची छावणी झाली, हजारो माणसं तिथे डांबली, मारहाण, छळ सगळं तिथेच. आणि त्याच मैदानावर नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड कप क्वालिफायर होती, सोव्हिएत युनियनविरुद्ध. फिफाची माणसं पाहणी करायला आली, कैद्यांना आत लपवून ठेवलं होतं, यांनी गवत बघितलं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. सोव्हिएत टीमने तिथे खेळायला नकार दिला. (त्यांचंही स्वतःचं राजकारण होतंच, ते काही साधू नव्हते.) मग २१ नोव्हेंबरला काय झालं, चिलीचे ११ खेळाडू मैदानात, समोर कोणीच नाही, शिट्टी वाजली, हे एकमेकांना पास देत देत रिकाम्या गोलपर्यंत गेले आणि कॅप्टनने बॉल आत ढकलला. गोल! त्यावर चिली वर्ल्ड कपला गेली.

त्या ११ जणांत कार्लोस कासेली होता. उघड डाव्या विचारांचा, स्टार स्ट्रायकर, आणि त्या दिवशी तोही धावला. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या जागी मी काय केलं असतं मला माहीत नाही. पण १९७४ ला वर्ल्ड कपला निघताना टीम पिनोशेला भेटायला नेली, तो एकेकाशी हात मिळवत रांगेतून पुढे आला आणि कासेलीने आपले हात पाठीमागे धरून ठेवले. बस एवढंच, एक शब्द नाही. त्याच्या आईलाही या राजवटीने पकडून नेऊन छळलं होतं.

१९८८ ला पिनोशेला आणखी मुदत द्यायची की नाही यावर सार्वमत झालं. ‘नाही’वाल्यांच्या टीव्ही प्रचारात एक वयस्कर बाई आपल्याला कसं पकडून नेलं, कसं छळलं ते शांतपणे सांगते, आणि मग शेजारी तो दिसतो, कासेली, सांगतो की मीही ‘नाही’ला मत देणार, कारण ही माझी आई आहे.

पिनोशे ते सार्वमत हरला.