स्वतःचं पोट स्वतः भरणाऱ्यांसाठी स्वस्त आरोग्यविमा: काही मोलाच्या सूचना

तुम्ही कुणाचे नोकर नाही. शिवणकाम करता, क्लास घेता, रिक्षा चालवता, वकिली करता किंवा माझ्यासारखं डीटीपी-छपाईचं दुकान आहे. तर आपल्यासारख्यांनी घरच्यांसाठी परवडणारा आरोग्यविमा कसा मिळवावा, याचा मी नुकताच सखोल अभ्यास केला. अभ्यासाचं ठिकाण: एका खासगी रुग्णालयाचं बिलिंग काउंटर. फी बक्कळ पडली. तुम्हाला फुकट सांगतो.

सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे मोठ्या कंपनीत नोकरी धरा. तिथल्या ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा जुना आजार पहिल्या दिवसापासून चालतो, बाळंतपण चालतं, कुठे कुठे आईवडीलही चालतात आणि हप्ता मालक भरतो. तुम्ही स्वतःचा धंदा काढलात, वर दोन पोरांना रोजगार दिलात, त्याला विमा कंपनी काय करणार?

ते जमणार नसेल तर लवकरात लवकर साठीचे व्हा. जानेवारी 2025 पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी इर्डाला, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, विचारावं लागतं. पंचेचाळिशीतल्या माणसाला असलं संरक्षण नाही. त्याच्याकडे पैसा असतो ना! पोरीची अकरावीची फी, आईचं गुडघ्याचं औषध आणि दुकानाचं भाडं भागल्यावर जो काही उरतो तो.

सरकारने हप्ता स्वस्त केला आहे, त्याचा आनंद घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (अख्ख्या कुटुंबाची मिळून एकच) पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला. मी पेढे आणायच्या बेतात होतो. मागल्या वर्षी माझा हप्ता 25,000 आणि वर जीएसटी 4,500. यंदा जीएसटी शून्य आणि हप्ता 30,200. का, तर मला सेहेचाळिसावं लागलं आणि माझा ‘एज बँड’, म्हणजे हप्ता ठरवायचा वयोगट, बदलला. कर गेला आणि वय आलं.

80डीची, म्हणजे आयकरात हप्त्यावर मिळणारी वजावट हवी असेल तर जुन्या करप्रणालीतच राहा. नव्यात ती नाही.

फॉर्म भरताना डोक्याला अजिबात ताप करून घेऊ नका. एजंट भरतो. ‘बीपी? शुगर? काही नाही ना? टाकतो नाही म्हणून.’ तुम्ही तोंड उघडेपर्यंत पुढचं पान आलेलं असतं. मग ओटीपी येतो, तो सांगून टाका. तो ओटीपी म्हणजे तुमची सही असते, हे तुम्हाला क्लेमच्या वेळी कळेल. कधी काळी घेतलेली बीपीची एक गोळी कुठल्यातरी जुन्या केसपेपरात सापडेल आणि ‘माहिती दडवली’ असं पत्र येईल. तेव्हा एजंटाला फोन करा. लागला तर मलाही सांगा.

सरकारी योजना आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना 2023 च्या शासन निर्णयाने पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही खुली झाली, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. कागदावर चांगली योजना आहे, खोटं कशाला बोलू. फक्त तुमचा आजार त्यांच्या यादीत हवा, तुमचं रुग्णालय त्यांच्या यादीत हवं आणि दुखणं उठेल त्या रात्री या दोन याद्यांची गाठ पडायला हवी.

आता मुख्य मुद्दा. पेशंटला झोपवायच्या आधी खोलीचा भाव विचारा. नाही, खरंच विचारा. पोटात कळा येऊन बायको वाकडी झाली असली तरी तिला म्हणावं, ‘थांब जरा, पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा काय आहे ते बघतो.’ आमच्या हिच्या पित्ताशयात खडे निघाले. पॉलिसी 5 लाखांची, खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. ट्विन शेअरिंग भरलेलं. सिंगल मिळाली, 8,000 ची. मी म्हटलं, वरचे तीन हजार आपण भरू, काय एवढं! तीन दिवसांचे 9,000. सेटलमेंट लेटर आलं तेव्हा त्या 9,000 खाली आणखी एक आकडा होता, 27,000. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर मिळून 72,000 झाले होते, त्यातले कंपनीने 45,000 च धरले. म्हणजे आठात पाच. खोली 8,000 ची घेतलीत आणि हक्क 5,000 चा, म्हणून सर्जनलाही आठात पाच! याला म्हणतात प्रपोर्शनेट डिडक्शन. अहो, सर्जन तोच, टेबल तेच, पोटाला पाडलेली चार भोकं तीच. सिंगल रूमवाल्याचे खडे काय जास्त ऐटबाज असतात?

आणि रुग्णालय काय साव आहे? एकाच ऑपरेशनचा दर तिथे पेशंट रात्री कुठल्या खोलीत झोपतो त्यावर ठरतो. जनरल वॉर्डला एक, ट्विनला दुसरा, सिंगलला तिसरा. इर्डाचा नियम असा की जिथे खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे ही प्रमाणात कपात करता येत नाही. त्यामुळे रुग्णालय खोली बघून फी वाढवतं, कंपनी तीच खोली बघून फी कापते, दोघंही आपापल्या जागी नियमात बसतात आणि मधला फरक भरतो तो स्वयंरोजगारवाला. औषधं आणि तपासण्यांचे 21,600 मात्र पूर्ण दिले हो, उपकार झाले. शिवाय ‘नॉन-पेएबल’ म्हणून 6,400 वेगळे: ग्लोव्हज, मास्क, कॅप आणि ॲडमिशन किट. ॲडमिशन किट म्हणजे एक कंगवा, एक टूथब्रश, साबणाची इवलीशी वडी आणि हे सगळं ठेवायला चेनची पिशवी. एकूण 42,400 खिशातून. कॅशलेस बरं का!

डिस्चार्जच्या दिवशी डबा, पाणी आणि चार्जर सोबत ठेवा. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, घरी जा. इन्शुरन्स डेस्कवरची मुलगी म्हणाली, ‘काका, पोर्टलवर अंडर प्रोसेस दाखवतंय.’ दुपारी तेच. मग क्वेरी आली: खड्यांचं पहिलं निदान कधी झालं, त्याचा कागद जोडा. मंजुरी आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

आता उपरोध वगैरे राहू दे बाजूला. 29 मे 2024 च्या इर्डाच्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलंय: कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात, डिस्चार्जची तीन तासांत, त्यापुढे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने भागधारकांच्या निधीतून द्यायचे. मग टाके घातलेल्या बाईला दिवसभर खुर्चीत का बसवता? नियम काय फ्रेम करून लावायला काढलाय? वर्षानुवर्षं हप्ता घेताना एक दिवस इकडेतिकडे झाला तर मेसेजवर मेसेज, आणि द्यायची वेळ आली की खड्याचा जन्मदाखला मागता. लाज वाटायला हवी.

आणि तुम्ही वाचणारे! लग्नात आचाऱ्याला जिलेबी तुपातली की डालड्यातली हे दहादा विचारता, आणि पॉलिसी घेताना एजंट ‘सगळं कव्हर आहे’ म्हणाला की खूश. सगळं म्हणजे काय? लेखी मागा. रूम रेंटला मर्यादा नसलेल्या पॉलिसी मिळतात, हप्ता थोडा जास्त पडतो, तरी त्याच बघा. को-पे आहे का, म्हणजे बिलाचा काही हिस्सा दरवेळी आपणच भरायचा का, कुठल्या आजाराला किती वर्षं थांबायचं (वेटिंग पीरियड), हे त्याच्याकडून मेलवर घ्या. नवी पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत परत करता येते, तेवढ्या दिवसांत तरी उघडून बघा. जुनी बदलायची असेल तर पोर्ट करा, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे न्या, जुन्या पॉलिसीत काढलेला वेटिंग पीरियड सोबत येतो. पैसे कापले तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. माझी तक्रार गेली आहे.

कंपनीवाल्यांनो, तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ते हसरं चौकोनी कुटुंब असतं ना, ते काढा. तिथे ठळक मराठीत छापा: ‘खोली महाग घेतलीत तर सर्जनच्या फीचेही पैसे कापू.’ एका ओळीत मावतं. जास्तीची शाईही लागत नाही. मी छपाईतलाच माणूस आहे.