झू शी आणि त्या दोन भिक्षुणी

चीनच्या इतिहासाची आवड असलेल्या मंडळींत झू शीचं नाव निघालं की कुणीतरी हमखास डोळा मिचकावतं. "तोच ना, जगाला वासना मारायला सांगणारा आणि स्वतः दोन भिक्षुणी ठेवणारा?" सगळे हसतात आणि विषय संपतो. मला राग येतो तो या विषय संपण्याचा.

झू शी (1130-1200) म्हणजे सोंग काळातला कन्फ्यूशियसच्या परंपरेतला सर्वांत मोठा पंडित. 1194 मध्ये निंगझोंग हा नवा सम्राट गादीवर आला आणि त्याला शिकवायला झू शी दरबारात गेला. तिथे तो जेमतेम दीड महिना टिकला. सम्राटाच्या तोंडावर त्याने सांगितलं, की मर्जीतल्या माणसांच्या सल्ल्याने राज्य चालवू नका. ती माणसं म्हणजे मुख्यतः हान त्वोझोउ, सम्राज्ञीच्या नात्यातला. हानने आधी काय केलं, तर एका नटाला उंच टोपी आणि रुंद बाह्यांचा झगा घालून सम्राटापुढे नाचवला, पंडिताची नक्कल म्हणून. आधी हसं करायचं, आरोप मागाहून. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ज्याला आपण एकदा हसलो त्याच्याबद्दल पुढे काहीही ऐकून घ्यायला आपण तयार असतो.

झू शीला आणणारा मंत्री झाओ रूयू 1195 मध्ये हद्दपार झाला आणि पुढच्या वर्षी वाटेतच वारला. मग 1196 च्या अखेरीस शेन जीत्सू नावाच्या अधिकाऱ्याचं आरोपपत्र आलं. त्यात झू शीची सहा महापापं होती आणि वर किरकोळ पापांची यादी. फुजियानमध्ये उत्तम पांढरा तांदूळ पिकत असताना आईला सरकारी कोठारातला जुना तांदूळ खाऊ घातला. दोन भिक्षुणींना फूस लावून रखेल्या केलं आणि नेमणुकीच्या गावी सोबत नेलं. थोरली सून नवऱ्याशिवाय गरोदर राहिली. मुलांनी लोकांची गुरं चोरून कापली.

आता तारखा बघा. आई 1169 मध्येच गेली होती. म्हणजे सत्तावीस वर्षांपूर्वीच्या ताटातला तांदूळ तपासला जात होता. थोरला मुलगा 1191 मध्ये वारलेला, म्हणजे ती सून विधवा. एका म्हाताऱ्याला पाडायला तिची अब्रू चव्हाट्यावर आणली. तिचं म्हणणं काय होतं, त्या भिक्षुणी कोण, कुठल्या, हे कुणी विचारल्याचं दिसत नाही. साक्षीपुरावा काही नाही, झू शीचं पद मात्र गेलं.

शिवाय हे आरोपपत्र मुळात शेनने लिहिलेलंच नव्हतं. ते लिहिलं हू होंगने. सोंग राजवटीच्या अधिकृत इतिहासातच गोष्ट आहे, की हा हू पूर्वी फुजियानमध्ये झू शीकडे गेला होता. तिथे शिष्यांच्या पंगतीत जे जाडंभरडं अन्न असे तेच त्याच्याही पुढे आलं. तो चिडला. डोंगरात काय एक कोंबडी आणि घोटभर दारू मिळत नाही? पुढे त्याची बदली झाली म्हणून तयार मसुदा त्याने शेनच्या हाती दिला. आणि हा शेन कोण? 'लुन यू' आणि 'मेन्शियस' या कन्फ्यूशियस परंपरेतल्या ग्रंथांवरच्या झू शीच्याच लिखाणातले उतारे उचलून स्वतःला पंडित म्हणून खपवणारा. झू शी म्हणायचा की खाणंपिणं हा निसर्गनियम, चमचमीत मागणं ही वासना. बिचाऱ्या हूला ते कोंबडीविना पटलं नसावं.

मग झू शीने सगळं कबूल केलं, त्याचं काय? हा प्रश्न नेहमी येतो. पद काढून घेतल्यावर सम्राटाला आभाराचं पत्र लिहायची रीतच होती. त्यात आपले दोष मान्य करायचे, आपण कसे कुचकामी ते सांगायचं. झू शीने तसं लिहिलं. स्वतःला पोथ्यांतला कुजका पंडित म्हणवून घेतलं. अशा पत्राला कबुलीजबाब समजणं म्हणजे 'आपला आज्ञाधारक' अशी सही करणाऱ्याला नोकर समजण्यासारखं आहे.

त्याचा स्नेही-शिष्य त्साय युआनदिंग तीन हजार ली (ली हे अंतराचं चिनी माप) चालत हद्दपारीला गेला, पायांतून रक्त येईपर्यंत, आणि 1198 मध्ये तिकडेच वारला. एकोणसाठ जणांची काळी यादी निघाली. झू शीच्या शिकवणुकीला दरबाराने 'खोटी विद्या' ठरवलं आणि परीक्षेला बसणाऱ्याने आपण 'खोट्या विद्ये'चे नाही असं लिहून द्यायचं, असा हुकूम सुटला. काही शिष्य गुरूच्या दारावरून मान फिरवून जाऊ लागले, काहींनी वेषच बदलला. चाय झोंगशिंग नावाच्या एका अधिकाऱ्याने मात्र उलट लिहून दिलं: मी लहानपणापासून चेंग यीचं (झू शी ज्याच्या परंपरेतला त्या आधीच्या पंडिताचं) लिखाण वाचत आलोय, ते खोटं ठरत असेल तर मला परीक्षक व्हायचंच नाही. मला या सगळ्या प्रकरणात हा माणूस सर्वांत जास्त आवडतो.

पण झू शीला संत करायची मला घाई नाही. 1182 मध्ये त्याने स्वतःच थाईझोउचा अधिकारी तांग झोंगयोउ याच्यावर एकामागून एक सहा तक्रारी पाठवल्या होत्या. सरकारी पैसा खाल्ला, खोट्या नोटा छापवल्या, हे होतंच. पण येन रुई या गणिकेशी असलेले संबंधही त्यात होते. तिला तुरुंगात टाकलं. पुढच्या कथाकारांनी तिला फटके खाऊनही तोंड न उघडणारी नायिका केलं आणि झू शीला खलनायक. कथेतलं खरंखोटं बाजूला ठेवू. एका बाईच्या अंथरुणावरून पुरुषाचं राजकारण मोजायचं हत्यार झू शीने आधी स्वतः हातात घेतलं होतं. चौदा वर्षांनी तेच त्याच्यावर उलटलं.

पुढे वारं फिरलं. 1207 मध्ये हान मारला गेला, 1209 मध्ये झू शीला मरणोत्तर 'वेन' ही पदवी मिळाली, 1241 मध्ये कन्फ्यूशियसच्या मंदिरात जागा. 1313 च्या फर्मानाने त्याची भाष्यं राजपरीक्षेचा आधार झाली आणि 1905 पर्यंत राहिली. इतका मान मिळूनही भिक्षुणी काही सुटल्या नाहीत. आरोप त्याच्या शिकवणुकीच्या मापाने शिवलेला होता ना! संयम शिकवणाऱ्यावर लंपटपणा, मातृभक्ती शिकवणाऱ्यावर आईची आबाळ.

आणि यात नुकसान एकट्या झू शीचं नाही. त्याच्यावर करण्यासारखी खरी टीका राहूनच जाते. विधवेने उपाशी मरावं पण दुसरं लग्न करू नये, हे चेंग यीचं मत त्याने आपल्या संकलनात घेतलं. चेन शीझोंग नावाच्या परिचिताला पत्र लिहून, तुझ्या विधवा बहिणीचं मन पुनर्विवाहापासून वळव, असं सांगितलं. पुढच्या शतकांत या विचाराचा जाच किती बायकांनी सोसला! ते पत्र त्याच्या संग्रहात आजही आहे, त्याच्याच शब्दांत. झू शीला झोडपायचंच असेल तर तिथून सुरुवात करा, मी तुमच्या बाजूने येतो.