खुलासा: हंसातलं कृष्णविवर तिसरा तारा गिळत नाहीये

राम राम मंडळी. चोपडा-यावलकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर कालपासून फिरतंय: ‘व्ही४०४ सिग्नी हे कृष्णविवर दोन तारे एकदम गिळतंय, पुढचा नंबर पृथ्वीचा.’ हे चुकीचं आहे. घरातली पोरं घाबरली, म्हणून लिहितोय.

हंस तारकासमूहातलं हे कृष्णविवर सुमारे ८,००० प्रकाशवर्षं लांब आहे. साडेसहा दिवसांत फेरी मारणाऱ्या जवळच्या ताऱ्याचा वायू ते ओढतं, एवढं खरं. या त्रिकुटातला तिसरा सदस्य, म्हणजे बाहेरचा तारा, मात्र त्यांच्यापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या जवळपास ३,५०० पट दूर आहे; त्याच्या एका फेरीला सुमारे ७०,००० वर्षं लागतात. तो कृष्णविवर आणि जवळचा तारा या जोडीसोबतच सरकतो, हे गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांतून कळलं. २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ते छापून आलं.

खरी गोष्ट तर जास्त सुंदर आहे. इतका सैल बांधलेला तारा सुटून गेला नाही, म्हणजे कृष्णविवर जन्मताना मोठा धक्का बसला नसावा. मूळ तारा बहुधा स्फोटाविना आत कोसळला. दूरच्या ताऱ्याच्या ओढीने जवळच्या ताऱ्याची कक्षा लांबट होत जाते, मग जवळून जाताना भरती-ओहोटीसारख्या ताणाने ती आकसते. ही जोडी अशीच जवळ आली असावी.

भाऊ, ताई, तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.