इंजिन सोडून बाकी सगळं

जिप्सीत डिझेल इंजिन टाकायचंय असं एकदा तोंडातून निघालं की मग कळतं, नाशकात या विषयावर मत नसलेला माणूस राहतच नाही. सातपूरला महिंद्राचा प्लांट, त्यामुळे प्रत्येक गल्लीत आणि प्रत्येक नात्यात एक तरी असा असतोच ज्याने उभी हयात गाड्यांचे नट आवळण्यात घालवलीय, किंवा आवळणाऱ्यांच्या डोक्यावर उभं राहण्यात. रिटायर झाल्यावर हे सगळं ज्ञान ठेवायचं कुठे हा त्यांचा प्रश्न असतो, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या काकांचा तो प्रश्न मी सोडवला. आता ते रोज संध्याकाळी चहाला वर येतात. काकू म्हणतात, बरं झालं बाई.

गाडी माझी २००४ ची जिप्सी किंग, १२९८ सीसी, पेट्रोल, कंपनीच्या कागदावर ८० बीएचपी. गाडीत तसा दोष काही नाही. म्हणजे आवाज आहे, उन्हाळ्यात धूळ आत येते, पावसाळ्यात पाणी आत येतं, आणि मागच्या सीटवर बसलेला पाहुणा अंजनेरीच्या पायथ्याला पोचेपर्यंत उंचीने थोडा कमी होतो, पण जिप्सीत हे दोष धरायचे नसतात. दोष एकच, ॲव्हरेज. रस्त्यावर दहाचं देते म्हणायचं आणि चिखलात लो गिअर टाकला की मग विचारायचंच नाही, पेट्रोलचा काटा डोळ्यादेखत खाली बसतो. मारुतीने ही गाडी १९८५ पासून तीस वर्षांच्या वर बनवली पण भारतात डिझेलमध्ये एकदाही दिली नाही, मग ते राहिलेलं काम देशभरातल्या गॅरेजवाल्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. मी काही जगावेगळं करत नव्हतो, एवढंच सांगायचंय.

आणि कारण नुसतं पैशाचं नाही हो. या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, वर साडेचार हजार आरपीएमला, इंजिन चांगलं पळवल्यावर मिळतो, म्हणजे त्र्यंबकच्या बाजूला एखाद्या चढावर लाल चिखलात अडकलात की इंजिन नुसतं बोंबलवायचं, चाकं जागच्या जागी फिरतात, आणि मागे उभा असलेला मित्र रंगपंचमी खेळून आल्यासारखा दिसतो. डिझेलला दम खालीच असतो. शिवाय त्याला स्पार्क प्लगच नाही, हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते आणि त्यात डिझेल फवारलं की पेटतं, त्यामुळे ओढ्यात कॉइल भिजली, प्लगची वायर भिजली म्हणून गाडी मध्येच गप्प झाली हा प्रकार नाही. फक्त हवा ओढायच्या तोंडातून पाणी आत जाता कामा नये, कारण पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, ओढ्यात जायचंच कशाला? या प्रश्नाला आजवर एकाही जिप्सीवाल्याला उत्तर सुचलेलं नाही.

काकांचं मत पहिल्या चहालाच तयार होतं. "अरे, सरळ जुन्या बोलेरोचं टाक. २५२३ सीसी. कुठल्याही गावात खोलता येतं, ट्रॅक्टरवाला पण खोलेल." मी म्हणलं काका, अख्खी जिप्सी हजार किलोच्या आसपास, ती चिखलात तरते ती हलकी आहे म्हणून, तिच्या नाकावर एवढं लोखंड ठेवलं तर पुढचे पाटे (लोखंडी पानांच्या स्प्रिंगा) बसतील. काका म्हणाले, मग पाट्यात पानं वाढव. पानं वाढवली की गाडी उचलली जाणार, गाडी उचलली की शॉकअप आखूड पडणार, शाफ्टचा अँगल बदलणार, मग क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा, खाणार. काका म्हणाले, क्रॉस काय, मिळतो! काकांची सगळी उत्तरं "मिळतो" या शब्दावर संपतात आणि तिथून माझ्या वहीचं नवीन पान सुरू होतं.

बोलेरो बाद झाली. (काकांच्या लेखी अजून नाही, ते अधूनमधून "तरी मी सांगत होतो" म्हणतात.) मग दुसरी सूचना आली जुन्या झेन डिझेल आणि एस्टीम डिझेलमधलं प्यूजोचं इंजिन. १५२७ सीसी, साधं, मेकॅनिकल पंप, वायरिंगची कटकट नाही, जिप्सीत बसवलेलं बऱ्याच जणांनी पाहिलेलं. पण त्याची ताकद सत्तावन बीएचपीच्या आसपास आणि टॉर्क पेट्रोल जिप्सीपेक्षा जास्त नाहीच, म्हणजे आपण पैसे खर्च करून गाडी हळू करायची. तिसरं जुन्या डिझेल स्विफ्टचं, १२४८ सीसी, टॉर्क १९०, म्हणजे आत्ताच्या जवळजवळ दुप्पट, ऐकूनच तोंडाला पाणी सुटतं. पण ते कॉमन रेल, म्हणजे डिझेल फवारायचं ते कॉम्प्युटरच्या हुकमावर. त्याला ईसीयू, म्हणजे तो कॉम्प्युटर लागतो, ईसीयूला सेन्सर लागतात, चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरला त्याची स्वतःची चावी ओळखीची लागते, ॲक्सिलरेटरचं पेडलसुद्धा वायरवरचं. म्हणजे स्विफ्टचं इंजिन हवं तर स्विफ्टचं पेडल, स्विफ्टची चावी आणि स्विफ्टची निम्मी वायरिंग घरी आणायची. शिवाय हे इंजिन स्विफ्टमध्ये आडवं असतं आणि जिप्सीत इंजिन उभं, गाडीच्या लांबीत.

"आडवं आहे ते उभं करू, त्यात काय," मिस्त्री म्हणाला.

वडाळा नाक्याच्या बाजूला त्याचं गॅरेज आहे. माणूस सोन्यासारखा, हाताला चव आहे, फक्त त्याला "नाही" म्हणता येत नाही. काहीही विचारा, "होऊन जाईल दादा". किती दिवसांत? होऊन जाईल. किती लागतील? होऊन जाईल. मी म्हणलं पुढच्या सिंहस्थापर्यंत तरी होईल का, तर म्हणाला त्याच्या आधीच, त्या वेळी रस्ते बंद असतात. पण तो गाडीखाली गेला की वेगळाच माणूस होतो. गोणपाट अंथरलं, आत सरकला, टॉर्च तोंडात धरला आणि खिशातनं माचिस काढली. मला वाटलं बिडी पेटवतोय की काय. तर नाही, त्याने ती माचिस इंजिनाचं ऑइल चेंबर आणि पुढच्या एक्सलचं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) यांच्या मधल्या फटीत घातली. आडवी घातली, गेली. उभी केली, अडकली. टॉर्च तोंडात तसाच ठेवून म्हणाला, "अावं चेंअ काआवं आगेल." बाहेर आल्यावर कळलं की चेंबर कापावं लागेल, कारण नवीन इंजिनाचं चेंबर इथं असं खोल असतं (हात दाखवला), आणि गाडी खड्ड्यात आपटली की डिफ वर येऊन त्याला टोला देणार. मग त्याने खडूने फरशीवर चेंबर काढलं, त्याच्या बाजूला इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन काढले, ते आत्ताच्या जागेवर येत नाहीत म्हणून चासीला नवीन ब्रॅकेट वेल्ड करायचे, इंजिन आणि गिअरबॉक्स यांची भोकं जुळत नाहीत म्हणून मध्ये एक जाड प्लेट अंबडच्या लेथवाल्याकडून करून आणायची, प्लेटमुळे इंजिन पुढे सरकणार म्हणून रेडिएटर पुढे, रेडिएटर पुढे म्हणून पंखा इलेक्ट्रिक. चित्र काढता काढता तो गॅरेजच्या बाहेर पार रस्त्यावर गेला, एक रिक्षावाला थांबून बघायला लागला आणि म्हणाला, फाउंडेशन जरा तिरके घे. बघा, मी सांगितलं नव्हतं?

या सगळ्यात माझी झोप उडवली ती ब्रेकने. ब्रेकचा आणि इंजिनाचा काय संबंध असं कोणालाही वाटेल, पण पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा थ्रॉटलमागे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम तयार होतो आणि त्याच्याच जोरावर ब्रेकचा बूस्टर चालतो. या डिझेलांत तसा व्हॅक्युम मिळत नाही. म्हणजे वेगळा व्हॅक्युम पंप पाहिजे, नाहीतर कसाऱ्याचा घाट उतरताना पाय दाबून दाबून पोटरीचा दगड होणार आणि गाडी आपल्या मर्जीने थांबणार. हे मला कुणी सांगितलं माहितीये? काकांनी. बिस्कीट चहात बुडवत, सहज. मी उडालोच. म्हणलं काका, हे आधी का नाही बोललात? "तू ब्रेकचं विचारलंच नाहीस, तू इंजिनाचं विचारत होतास."

तर वही भरत गेली. डिझेलच्या पंपातून उरलेलं डिझेल परत टाकीत जातं, त्याला रिटर्न लाइन. डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर. थंडीत चालू व्हायला हीटर प्लग, त्याचा रिले. स्टार्टरला जास्त जोर लागतो म्हणून मोठी बॅटरी, मोठ्या बॅटरीला मोठा ट्रे. इंजिन सहा हजाराच्या जागी साडेचार हजारालाच धापा टाकणार म्हणून डिफचा रेशो बदल, नाहीतर मुंबई हायवेला मागून टेम्पो हॉर्न मारणार, आणि डिफ बदलायचं तर दोन्ही, पुढचं पण आणि मागचं पण, एकच बदलून फोर बाय फोर टाकलं तर आतच कुस्ती लागते. इंजिन स्वतः या यादीत एका ओळीत मावलं.

बायको बँकेत आहे. तिने वही घेतली, लॅपटॉप उघडला आणि विचारलं, वर्षाला गाडी किती चालते? मी छाती फुगवून म्हणलं, तीन हजार किलोमीटर. तिने पेट्रोल एकशेपाच धरलं, दहाचं ॲव्हरेज, झाले साडेएकतीस हजार. डिझेल ब्याण्णव, पंधराचं ॲव्हरेज (मी अठरा म्हणत होतो, तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं), झाले अठरा हजार चारशे. वाचले तेरा हजार शंभर. वहीतली बेरीज तीन लाखांच्या घरात. लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाली, तेवीस वर्षांत वसूल. पुढे अगदी प्रेमाने विचारलं, "यात ब्रेक धरलेत ना रे?"

मेव्हणा वकील, त्याला जेवायला बोलावलं होतं तर तोही सुरू झाला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही बजावलं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून बदल चालणार नाहीत. इंधन बदलायची वाट कायद्यात आहे, पण ती मान्यता असलेल्या किटची, सीएनजी वगैरे, खडूने फरशीवर काढलेल्या किटची नाही. वर इन्शुरन्सला न कळवता केलंस तर क्लेम विसर. आणि पीयूसीला काय सांगशील, पेट्रोलच्या गाडीची कार्बन मोनॉक्साइडची तपासणी होते, डिझेलची धुराची, तुझ्या आरसीवर पेट्रोल आणि सायलेन्सरमधनं काळा धूर. एवढं बोलून त्याने तिसरी पुरणपोळी घेतली. कायदा सांगताना या माणसाची भूक वाढते.

मी वही मिटली. खरंच मिटली, कपाटात वर ठेवली. काका दोन-तीन संध्याकाळी वर आले नाहीत, जिन्यात भेटले तर नुसतं "बरंय" म्हणाले.

मग रविवारी सकाळी मिस्त्रीचा फोन. "दादा, तुमचं पेट्रोल इंजिन निघालं की दुसऱ्या कुणाला देऊ नका हां, गिऱ्हाईक आहे."

म्हणलं कोण?

"सिन्नरचा आहे एक. त्याच्या जिप्सीत डिझेल बसवलेलंय, पासिंगला गाडी अडकली. त्याला परत पेट्रोल टाकायचंय."

मी दोन सेकंद गप्प बसलो. आता मेव्हण्याने जे सांगितलं होतं त्याचा हा हिंडता फिरता पुरावा होता, कुठल्याही शहाण्या माणसाने इथे फोन ठेवला असता. मी विचारलं, "आणि त्याचं डिझेल?"

"ते निघणारच ना. अख्खा सेट दादा, फाउंडेशन, प्लेट, कापलेलं चेंबर, सगळं तयार. व्हॅक्युम पंपासकट. आत्ता खोलतोय, बघायला येता का?"

बायको आत अंघोळीला गेली होती. मी वही काढली, चावी घेतली, चपला हातात धरून जिना उतरलो. खाली गेटपाशी काका शर्ट-पॅंट घालून, हातात टॉर्च घेऊन उभे. मिस्त्रीने त्यांना आधी फोन केला होता.