आवाज हुबेहूब होता, हाक चुकली

'नीट कान देऊन ऐकलं तर एआयचा खोटा आवाज कळतो', हे फोनवरच्या एआय फसवणुकीबद्दलच्या एका लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. गेल्या दिवाळीत रात्री साडेनऊला माझ्या आत्याला फोन आला. 'आत्या, अपघात झालाय, ४० हजार पाठव, बाबांना बोलू नकोस.' रडवेला आवाज, अगदी माझ्या धाकट्या भावाचा. आत्या गूगल पे उघडून बसलीसुद्धा होती. मग तिच्या डोक्यात आलं, हा तर मला जन्मात आत्या म्हणत नाही, 'आत्तू' म्हणतो! त्याला फोन लावला तर स्वारी घरात चकल्या खात बसलेली. आवाज त्याच्या रील्समधूनच उचलला असणार, दुसरं काय.

मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच ३ सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारं मॉडेल दाखवलं होतं. तिथे सत्तरीतल्या बाईने कान काय देऊन ऐकायचं? त्यापेक्षा फोन ठेवून माणसाला त्याच्या नेहमीच्या नंबरवर उलट फोन लावा, एवढं एक वाक्य लेखात हवं होतं. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार. तो नंबरही लेखात कुठे दिसला नाही.