लेझर असताना सुई कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ट्रान्झिशनच्या, म्हणजे आपल्या लिंगओळखीप्रमाणे देह बदलून घेण्याच्या काळात दाढीचे केस घालवायला लेझर निवडावा की इलेक्ट्रोलिसिस (एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेने ते मूळ मारणं), या माझ्या लेखावर तुम्ही नाव न देता प्रतिक्रिया दिलीत. सगळ्यांना संदर्भ कळावा म्हणून तिचं मुख्य वाक्य इथे देते: "आजच्या काळात लेझर असताना एकेका केसाला सुई टोचून घ्या म्हणणं म्हणजे ट्रान्स मुलींना शंभर वर्षं मागे नेणं आहे." पुढे तुम्ही लिहिलंय की तुमच्या मैत्रिणीचं काम सहा सिटिंगमध्ये झालं, हॉर्मोन्स सुरू केले की दाढी तशीही जाते, आणि सुईवर माझं पोट चालतं म्हणून मी हे सगळं लिहिते.

पोटापासूनच सुरुवात करते. हो, चालतं. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात मी ते सांगितलंय. वाचला असतात तर शोध लावल्यासारखं लिहावं लागलं नसतं. मी स्वतः पारलिंगी स्त्री आहे, माझ्या चेहऱ्यावर लेझर आणि सुई दोन्ही झालंय, आणि रोज दुसऱ्या बायकांच्या हनुवटीवर प्रोब, म्हणजे इलेक्ट्रोलिसिसची ती सुई, धरते. या विषयावर बोलायला एवढा अधिकार पुरेसा नसेल, तर कोणाचा चालेल ते कळवा. मतभेद असू द्या, पण समोरच्याच्या हेतूवर चिखल उडवून सुरुवात केली की पुढचं कुणी गांभीर्याने वाचत नाही.

एक गोष्ट मान्य करते. लेखात लेझर सिटिंगमध्ये मोजला आणि इलेक्ट्रोलिसिस तासांत, त्यामुळे तुलना अवघड झाली. तर ती इथे करते. पूर्ण चेहऱ्याचं लेझरचं एक सिटिंग साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास चालतं, दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे जातात, आणि आपल्या त्वचेवर आठ-दहा सिटिंग सहज लागतात. दाट दाढी नुसत्या सुईने काढायची तर दीडशे ते तीनशे तास, कधी त्याहून जास्त, तेही दीड-दोन वर्षांत विभागून. आकडा मोठा आहे. तो लपवून कुणाचं भलं होणार?

आता तुमचं "शंभर वर्षं मागे". पद्धत त्याहूनही जुनी आहे. १८७५ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये डॉ. चार्ल्स मिशेल या नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यात वळून टोचणाऱ्या पापण्या काढायला ती वापरली. केस काढण्याचा लेझर १९९०च्या दशकातला. पण पद्धत किती जुनी यावर निवड ठरत नाही. तुमच्या केसाचा रंग कोणता, त्वचेचा रंग कोणता आणि केस किती जाड, यावर ती ठरते.

लेझरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे केसाला काळा रंग देणारं द्रव्य, शोषून घेतं, त्याची उष्णता होते आणि ती मुळापर्यंत जाऊन पेशी जाळते. केस काळा आणि जाड असेल, तर उत्तम. पांढऱ्या केसात मेलॅनिनच नसतं, त्यामुळे त्याच्यावर कितीही सिटिंग करा, काही होत नाही. चाळिशीत ट्रान्झिशन सुरू करणाऱ्या, हनुवटीवर पांढरे केस आलेल्या बाईला लेझरचं पूर्ण पॅकेज विकणं ही फसवणूक आहे. तिच्या त्या केसांना सुईखेरीज कायमचा उपाय नाही. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनेही हा फरक ठेवलाय: लेझरबद्दल "केस कायमचे कमी होणं" एवढंच म्हणता येतं, "केस कायमचे काढणं" फक्त इलेक्ट्रोलिसिसबद्दल.

मेलॅनिन त्वचेतही असतं, आणि आपल्याकडे ते भरपूर असतं. त्वचेच्या फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवर (पहिला प्रकार सगळ्यांत गोरा, सहावा सगळ्यांत काळा) आपल्यातले बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अलेक्झांड्राइट लेझर गोऱ्या त्वचेवर छान चालतो, सावळ्या त्वचेवर चटके देतो आणि मागे काळे डाग ठेवतो. ८१०च्या आसपासचा डायोड जपून, चांगल्या कूलिंगसह वापरता येतो. १०६४चा एनडी-यॅग लेझर आपल्यासाठी सगळ्यांत सुरक्षित, कारण त्या लांबीचा प्रकाश त्वचेतलं मेलॅनिन कमी शोषतं. पण म्हणूनच केसही तो कमी शोषतो, ऊर्जा जास्त द्यावी लागते, आणि वरच्या ओठावर तो चांगलाच झोंबतो. आणि पार्लरमध्ये "लेझर" म्हणून जे आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत) विकलं जातं, तो लेझर नव्हेच. दाढीवर त्याच्या नादी लागू नये.

यंत्र बरोबर असून ऊर्जा कमी ठेवली तर? चटका बसत नाही, बाई खूश होऊन घरी जाते, आणि काही महिन्यांनी गालावर, कल्ल्यांखाली, जबड्याच्या कडेला पूर्वी नुसती लव होती तिथे काळे जाड केस दिसू लागतात. हा लेझरचा माहीत असलेला उलटा परिणाम आहे. तो चेहऱ्यावर आणि मानेवर, आणि दक्षिण आशियाई, मध्यपूर्वेकडच्या बायकांमध्ये जास्त दिसतो. म्हणून माझं सांगणं ठाम आहे: लेझर दाट, काळ्या दाढीच्या पट्ट्यावरच मारा. गालावरच्या मऊ लवेला हात लावू देऊ नका, क्लिनिकने ती पॅकेजमध्ये फुकट दिली तरीही.

सिटिंग नीट झाल्याची खूण म्हणजे केसांच्या मुळाभोवती बारीक लालसर फुगवटे. ते काही तासांत, फार तर दोन दिवसांत बसतात, आणि पुढच्या एक ते तीन आठवड्यांत खुंट वर सरकून गळतात. बरेच जण ती वाढ समजून घाबरतात, ते गळणंच असतं. त्वचा पांढुरकी किंवा राखाडी पडली, तर मात्र तिथल्या तिथे थांबवायला सांगा. आधीच्या दिवशी दाढी करून जा. सिटिंगच्या आधी निदान चार ते सहा आठवडे थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा सगळं बंद, कारण केस मुळातून उपटला की लेझरला पकडायला काही उरत नाही. आपल्या समाजात चिमट्याने दाढी उपटायची जुनी सवय आहे, आणि ती सोडवणं माझ्या कामातला सगळ्यांत कठीण भाग आहे. वर्षानुवर्षं उपटून केसांची मुळं वाकडी होतात, मग सुईलाही ती सापडत नाहीत.

आणि "टोचणं" हा शब्द. प्रोब त्वचेत टोचत नाहीत. केस जिथून बाहेर येतो त्याच नैसर्गिक छिद्रातून, केसाच्याच तिरकेपणाने, तो आत सरकवतात. कुशल हाताने घातला तर आत जाताना जवळजवळ कळत नाही, कळतो तो नंतरचा विजेचा चटका. रक्ताचा थेंब आला किंवा आत जातानाच बोचलं, तर कोन किंवा खोली चुकलीय. जबड्याखाली हे फार होतं, कारण तिथले केस भोवऱ्यासारखे फिरतात. गॅल्व्हॅनिक पद्धतीत थेट प्रवाहाने मुळातल्या क्षार-पाण्यापासून सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि ते मूळ विरघळवतं. खात्रीचं, पण एका केसाला अर्धा मिनिट किंवा जास्त. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारितेच्या प्रवाहाने उष्णता देतात, काम एखाद-दोन सेकंदांत. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र, आणि दाढीच्या वाकड्या, जाड केसांसाठी मी तेच निवडते. सावळ्या त्वचेवर आवरण असलेला प्रोब मागा, म्हणजे उष्णता टोकाशीच राहते आणि वरची त्वचा वाचते. चिमट्याने केस धरल्यावर तो आपसूक निसटून यायला हवा. ओढ जाणवली तर तो मेलेला नाही, नुसता उपटलाय, आणि परत येणार. प्रोबचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोरच फोडलं पाहिजे, त्यात तडजोड नाही.

केस धरता यावा म्हणून दोन-तीन दिवसांची वाढ लागते. दाढी वाढवून घराबाहेर पडणं आपल्यातल्या अनेकींना असह्य होतं, हे मला सांगावं लागू नये. त्यावर उपाय आहे: त्या दिवशी जेवढा भाग घ्यायचाय तेवढाच वाढवा, उरलेला चेहरा गुळगुळीत ठेवा. हनुवटीचा एक पट्टा मास्कखाली सहज झाकला जातो. नंतर बर्फ, चोवीस तास मेकअप नाही, उन्हात जाताना सनस्क्रीन, आणि ज्या बारीक तपकिरी खपल्या धरतात त्या नखाने काढायच्या नाहीत. काढल्या की डाग पडलाच. पेसमेकर असेल तर सुई नको. केलॉइड (जखमेच्या जागी वाढणारे जाड व्रण) होत असतील किंवा आयसोट्रेटिनॉइन हे मुरमांवरचं औषध चालू असेल, तर दोन्हींच्या आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

म्हणजे मी लेझरच्या विरोधात नाही, आणि लेखातही नव्हते. दाट काळी दाढी असेल तर आधी एनडी-यॅगने ती विरळ करा, मग उरलेल्या, पांढऱ्या आणि बारीक केसांना सुई. यात तास बरेच कमी होतात. पण "लेझर आहे ना" म्हणून सुई हद्दपार करणाऱ्यांमुळेच आज नीट शिकलेल्या इलेक्ट्रोलॉजिस्ट शोधाव्या लागतात. २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात, कलम १५मध्ये, विम्याच्या संदर्भात लेझर थेरपीचं नाव आहे, इलेक्ट्रोलिसिसचं नाही. ज्या बाईच्या हनुवटीवर पांढरे केस आहेत, तिने काय करायचं?

उरलेले मुद्दे थोडक्यात. हॉर्मोन्सनी एकदा जाड झालेली दाढी जात नाही. वाढ मंदावते, केस थोडे बारीक होतात, नवीन यायचे थांबतात, एवढंच. तुमच्या मैत्रिणीचं सहा सिटिंगमध्ये झालं याचा आनंद आहे. पण तिची त्वचा कोणती, यंत्र किती नॅनोमीटरचं, आणि शेवटच्या सिटिंगनंतर वर्ष उलटलंय का, यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही. केस वाढचक्रात येतात-जातात, त्यामुळे वर्षभर थांबल्याशिवाय "झालं" म्हणता येत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुन्हा लिहाल तेव्हा या तीन गोष्टी विचारून या, आणि माझ्या पोटापाण्याचा विषय बाजूला ठेवा.