६२० भागिले ८००

भागाकार माझाच होता, दुसऱ्या कुणाला शिव्या देण्यात अर्थ नाही. हवाई अंतर ६२० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८००, म्हणजे पाऊण तास! तिकडे फोनवर सांगूनही टाकलं, "पाऊण तासाचं तर अंतर, आलोच." काल पोचलो तेव्हा सगळे झोपलेले, दार उघडायला भाचा आला, म्हणाला "मामा, चालत आलास का?"

पण खरा छळ शेजारच्या सीटवरच्या काकांचा. विमान जागचं हललंही नव्हतं आणि यांनी मासिकातला जगाचा नकाशा मांडीवर पसरला, त्यात लांबच्या मार्गांच्या रेघा कमानीसारख्या वाकलेल्या. "बघा, सरळ जायचं सोडून वरून फिरवतायत. रिक्षावाल्यांची जात!" मला गप्प बसवत नाही हा माझा जुना आजार. म्हटलं काका, पृथ्वी गोल, कागद सपाट, गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता कागदावर वाकडा दिसतो. काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही पायलट?" नाही. "मग?"

या 'मग'ला काय उत्तर देणार.

मग मी वाऱ्यावर गेलो (विषय बदलायला हो). न्यूयॉर्कहून लंडनला फेब्रुवारी २०२० मध्ये एक साधं प्रवासी विमान पाठीमागच्या जोरदार वाऱ्यामुळे ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, उलट जाताना तोच वारा तोंडावर येतो म्हणून जास्त वेळ लागतो, वगैरे. काका म्हणाले, "मग पैसे वाऱ्याला द्या, यांना कशाला?" आणि बोटाची पेरं नकाशावर ठेवून आपलं अंतर मोजलं, एअर होस्टेसला बोलावलं, "अर्ध्या पेराला दोन तास?" ती बिचारी पाणी देऊन गेली. मलापण दिलं, आम्ही एकत्रच आहोत असं समजून.

राग याचा की काका बरोबर होते. तिकिटावरचे दोन तास उडण्याचे नसतातच, चाकाखालची अडण काढल्यापासून परत लावेपर्यंतचे असतात, त्यात रनवेची रांग, वर घिरट्या, आणि शिवाय कंपनीने गुपचूप घातलेली जास्तीची मिनिटं. मग "आपण १० मिनिटं लवकर उतरलो आहोत" अशी घोषणा, लोकांच्या टाळ्या, आणि पुढची २० मिनिटं गेट रिकामं नाही म्हणून जागेवर बसून. तरी हे वेळेवरच! कारण १५ मिनिटांच्या आतला उशीर बऱ्याच ठिकाणी उशीर धरतच नाहीत. मी ऑफिसात १४ मिनिटं उशिरा जाऊन बघू का एकदा?

बॅगांच्या पट्ट्यापाशी काकांनी मला परत गाठलं. "घरून कधी निघालात?" सांगितलं. "घरी पोचेस्तोवर ७ तास धरू," म्हणत त्यांनी मोबाइलवर भागाकार केला. "ताशी ८८. माझा मेव्हणा याहून जोरात गाडी हाणतो." आणि पट्ट्यावरची पहिली बॅग त्यांचीच आली.